रफी अहमद किदवई : रेशनच्या रांगेतून देशाला बाहेर काढणारा अन्नमंत्री

मुंबईत शिवडी-वडाळा भागातून जाणारा रफी अहमद किडवाई मार्ग आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरचा आहे. बसस्टॉपवर, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेतल्या पत्त्यात हे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. मागे एकदा मी आठवीच्या वर्गात विचारलं की हे किडवाई कोण? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे मामा, चाचा मुंबईत राहतात, त्यामुळे रस्ता बऱ्याच जणांना माहीत होता. माणूस कुणालाच माहीत नव्हता. एकाने शायर असतील असं सांगितलं. दुसऱ्याने तर मोहम्मद रफींचे भाऊ ठरवून टाकलं. वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना वाईट वाटलं. कारण दोन पिढ्यांपूर्वी आपल्या घरातली माणसं रेशनकार्ड घेऊन ज्या रांगेत उभी राहायची, ती रांग संपवण्यात या माणसाचा फार मोठा वाटा होता.

मुंबईच्या पाटीवर किडवाई लिहिलेलं असलं तरी त्यांचं खरं आडनाव किदवई. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री आणि १९५२ पासून अन्न व कृषिमंत्री. त्यांची जिंदगी नीट पाहिली तर भूक कशामुळे पडते आणि कशाने हटते, हे समजायला मदत होते.

मसौलीचा मुलगा

रफी साहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात मसौली या गावी झाला. घराणं जमीनदारांचं. वालिदांचं नाव इम्तियाज अली. आई लवकर गेली, आणि रफींचं बरंचसं संगोपन बाराबंकीत वकिली करणारे चाचा विलायत अली यांच्याकडे झालं. हे चाचा मौलाना मोहम्मद अली यांच्या कॉम्रेड या पत्रात टोपणनावाने विनोदी लेखन करायचे. म्हणजे घरात पुस्तकं होती, वर्तमानपत्रं होती आणि राजकारणाच्या गप्पाही होत्या.

पुढे अलीगढचं एम.ए.ओ. कॉलेज. १९१८ मध्ये बी.ए. झाले आणि कायद्याच्या शिक्षणाला लागले. तेवढ्यात खिलाफत आणि असहकार चळवळ आली. गांधीजींनी सरकारी शिक्षणसंस्था सोडण्याचं आवाहन केलं आणि रफी साहेबांनी कायद्याची परीक्षा अर्धवट टाकली. तुरुंगवास झाला. सुटल्यावर अलाहाबादला आनंद भवनात मोतीलाल नेहरूंचे सचिव म्हणून काम करू लागले. १९२६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि स्वराज्य पक्षाचे प्रतोद झाले. भाषणबाजी त्यांना फारशी जमत नसे. त्यांची ताकद होती माणसं जोडण्यात आणि काम तडीस नेण्यात.

जमीनदाराचा मुलगा कुळांच्या बाजूने

अवधमध्ये तेव्हा तालुकदारांचं राज्य होतं. जमीन त्यांची, कसणारे कूळ दुसरेच. कुळाला शेतावर कायमचा हक्क नाही. आज कसतोय, उद्या बेदखल. वर नजराणा द्यायचा, बेगार करायची. आता विचार करा, ज्या शेतातून आपल्याला केव्हाही हाकलून देतील, त्या शेताचा बांध कोण घालेल? त्यात शेणखत कोण टाकेल? विहीर कोण खणेल? कूळ आळशी नव्हतं. मेहनत केली की लगान वाढतो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. शेतातलं पीक कमी येण्याचं पहिलं कारण असं कागदावरच्या हक्कात होतं.

१९३०-३१ मध्ये रायबरेली जिल्ह्यात लगानबंदीची चळवळ उभी राहिली. तिचं संघटन करणाऱ्यांत रफी साहेब पुढे होते. स्वतः जमीनदार घराण्यातले असून जमीनदारांच्या विरोधात उभे राहिले आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंतांचं मंत्रिमंडळ आलं. त्यात महसूल आणि तुरुंग ही खाती रफी साहेबांकडे होती. त्यांच्याच मेहनतीतून १९३९ चा कूळ कायदा आला. लाखो कुळांना वारसाहक्काने जमीन कसण्याचा अधिकार मिळाला. नजराणा, बेगार यांना कायद्याने बंदी आली. मालकी अजून मिळाली नव्हती, ती पुढे जमीनदारी निर्मूलनाने मिळायची होती. पण आपण लावलेलं झाड आपला मुलगा पाहील, एवढी खात्री शेतकऱ्याला पहिल्यांदाच मिळाली.

१९४७ चा घाव

फाळणीच्या वर्षी किदवई घराण्यावर मोठा आघात झाला. रफी साहेबांचे भाऊ शफी अहमद मसुरीला नगरपालिकेचे प्रशासक होते. दंगलीत त्यांची हत्या झाली. त्यांच्या बेवा अनीस किदवई यांनी दुःख बाजूला ठेवून दिल्लीच्या निर्वासित छावण्यांत काम केलं आणि त्यावर आजादी की छाँव में हे पुस्तक लिहिलं. ते जरूर वाचावं असं आहे.

सख्खा भाऊ असा गेल्यावर माणूस कडू झाला असता किंवा घाबरून घरात बसला असता. रफी साहेबांनी यातलं काही केलं नाही. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात मौलाना आजाद आणि रफी साहेब असे दोन मुस्लिम मंत्री होते. दळणवळण खातं रफी साहेबांकडे आलं. १९४९ मध्ये त्यांनी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांची विमानं रात्री आपल्या नागपूरला एकत्र यायची, टपालाची अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत परत जायची. कल्पना साधी, पण काम देशभर जाणवलं. अडलेल्या कामातून वाट काढणारा मंत्री, अशी त्यांची ओळख झाली. म्हणूनच १९५२ च्या निवडणुकीनंतर नेहरूंनी सगळ्यात अवघड खातं त्यांच्या हाती दिलं. ते होतं अन्न आणि कृषी.

दिवसाला नऊ औंस

त्या वेळची स्थिती आजच्या मुलांना सांगून खरी वाटत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली होती. त्याच वर्षी मुंबईत रेशन सुरू झालं. फाळणीत पंजाब आणि सिंधची गव्हाची कालव्याखालची जमीन पलीकडे गेली, बंगालचा भातपट्टा तुटला, पण खाणारी तोंडं त्या मानाने इकडे जास्त राहिली. १९५१ च्या सुरुवातीला माणशी रोजचं धान्य बारा औंसांवरून नऊ औंसांवर आणावं लागलं. नऊ औंस म्हणजे जेमतेम अडीचशे ग्रॅम. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याचं यात काय होणार? त्या वर्षी देशाने सत्तेचाळीस लाख टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणलं. गव्हासाठी अमेरिकेकडून कर्ज घ्यावं लागलं.

देशातलं स्वतःचं उत्पादन १९५०-५१ मध्ये होतं सुमारे ५ कोटी ८ लाख टन. भाताचं पीक हेक्टरी सरासरी ६६८ किलो. एकरात मोजलं तर पावणेतीन क्विंटलसुद्धा भरत नाही. कोकणातल्या आपल्या शेतकरी भावांना हा आकडा वाचून नवल वाटेल.

आणि याच काळात शिक्षणाची अवस्था काय होती? १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३३ टक्के. बायकांमध्ये शंभरात नऊसुद्धा नाही. म्हणजे शेतात बी पेरणारे, रोपं लावणारे आणि घरात अन्न शिजवणारे हात बहुतेक करून अक्षरापासून दूर होते. सरकारने १९४३ पासून अधिक धान्य पिकवा ही मोहीम चालवली होती. पत्रकं छापली, आदेश काढले. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात पत्रक देऊन काय उपयोग?

बंद दरवाजे उघडले

रफी साहेबांनी खातं हाती घेतलं तेव्हा कारभार असा चालायचा : सरकार शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावात लेव्ही घेणार, एका जिल्ह्यातलं धान्य दुसऱ्या जिल्ह्यात परवान्याशिवाय जाणार नाही आणि शहरात ते कार्डावर मोजून मिळणार. टंचाई खरी होती, म्हणून हे सुरू झालं होतं. पण वर्षं गेली तशी यातूनच नवी टंचाई तयार होऊ लागली. लेव्हीचा भाव परवडत नाही म्हणून शेतकरी धान्य लपवू लागला. व्यापारी साठे करू लागला. ज्या घरात दोन पोती जास्त होती, तेही उद्याच्या भीतीने विकेनात. एका जिल्ह्यात भाव पडलेले आणि शेजारच्या जिल्ह्यात चूल थंड, असा प्रकार झाला.

रफी साहेबांना वाटलं की देशात धान्य कागदावर दिसतं त्यापेक्षा जास्त आहे, त्याला भीतीने कोंडलंय. बऱ्याच अधिकाऱ्यांचा आणि जाणकारांचा नियंत्रण उठवायला विरोध होता. दर भडकले तर गरीब मरतील, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. बंगालची आठवण ताजी होती. रफी साहेबांनीही डोळे मिटून उडी मारली नाही. १९५२ च्या जूनमध्ये मद्रासमध्ये राजाजींनी रेशन उठवलं, तेव्हा ते त्यांच्या पाठीशी राहिले. आधी सरकारी कोठारात साठा केला. १९५४ मध्ये ब्रह्मदेशाकडून तांदूळ खरेदीचा मोठा करार झाला. भाव चढतोय असं दिसलं की तिथे धान्य पाठवायचं, म्हणजे साठेबाजाला कळावं की थांबून फायदा नाही. मग टप्प्याटप्प्याने आधी ज्वारी-बाजरीसारखं भरड धान्य, नंतर गहू आणि शेवटी जुलै १९५४ मध्ये तांदूळ मोकळा केला. अकरा वर्षांची रांग संपली.

भाताच्या शेतातली शाळा

माझ्या मते त्यांच्या कामातला याहून महत्त्वाचा, पण कमी सांगितला जाणारा भाग शेतीच्या शिक्षणाचा आहे. बाजार मोकळा केल्याने दडलेलं धान्य बाहेर येतं, पण शेतात नसलेलं धान्य येत नाही. त्यासाठी शेतीची पद्धतच सुधारावी लागते.

बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात भातशेतीच्या जपानी पद्धतीचे प्रयोग झाले होते. रफी साहेबांच्या खात्याने ती पद्धत उचलली आणि १९५३ मध्ये तिची देशभर मोहीम काढली. आज ज्या बोरिवलीत इमारतींशिवाय काही दिसत नाही, तिथल्या भातखाचरातून ही गोष्ट भारतभर गेली.

आपल्याकडे जुन्या रीतीत राब भाजायचा, भरपूर बी दाट टाकायचं, तरवा तयार झाला की मूठभर रोपांचा जुडगा हाताला येईल तसा चिखलात खोचायचा. जपानी पद्धतीत पाच-सहा गोष्टी वेगळ्या होत्या. बी मिठाच्या पाण्यात टाकून पारखायचं, पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे. रोपं गादीवाफ्यावर, पातळ पेरून वाढवायची. लावणी दोरी धरून सरळ ओळीत करायची. एका ठिकाणी दोन-तीनच रोपं, मध्ये साधारण दहा इंच अंतर. ओळीत मोकळी जागा राहिल्यामुळे कोळपं फिरवून तण काढता येतं. खत म्हणून आधी कंपोस्ट आणि वरून मोजून अमोनियम सल्फेट. सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झालेलाच होता.

यात मोठं यंत्र नाही, परदेशी बियाणं नाही. बी तर उलट कमी लागतं. लागते ती फक्त माहिती, आणि ती समजावून सांगणारा माणूस. २ ऑक्टोबर १९५३ पासून राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. साधारण दहा गावांमागे एक ग्रामसेवक नेमायचा, त्याने बांधावर जाऊन शेतकऱ्याला करून दाखवायचं. त्याच काळात सर्वाधिक पीक काढणाऱ्या शेतकऱ्याला कृषी पंडित हा किताब मिळू लागला. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही सरकारने पंडित म्हटलं, हे मला शिक्षक म्हणून फार आवडतं.

मागच्या मे महिन्यात मी वर्गात मिठाच्या पाण्याचा हा प्रयोग करून दाखवला. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात भाताचं बी. पोचट दाणे वर आले, भरलेले तळाला गेले. एका मुलीने घरी जाऊन आजोबांच्या बियाण्यावर तेच केलं. आजोबा आधी रागावले की बी खारट करतेस काय! मग तिने समजावलं की लगेच गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. वर तरंगलेलं बी तिने परातीत काढून दाखवलं, तेव्हा ते गप्प झाले. सत्तर वर्षांपूर्वी मंत्रालयातून निघालेली गोष्ट अशी एका शाळकरी मुलीच्या हातून त्या घरात पोचली.

यश किती, नशीब किती

१९५३-५४ मध्ये देशाचं धान्य उत्पादन ६ कोटी ९८ लाख टनांवर गेलं. तीन वर्षांत जवळजवळ दोन कोटी टनांची वाढ. याचं सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर होणार नाही. त्या वर्षी पाऊस छान झाला होता. अल्लाहची रहमत आणि शेतकऱ्याची मेहनत, दोन्हींचा हिस्सा मोठा होता. रफी साहेबांचं श्रेय एवढं की चांगल्या वर्षाचा फायदा त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

आणि हेही खरं की ते यश टिकलं नाही. पुढे पाऊस दगा देऊ लागला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या गव्हाचा पीएल ४८० करार झाला आणि काही वर्षांनी निर्बंधही परत आले. जपानी पद्धत सगळीकडे रुजली नाही. ओळीत लावणीला मजूर जास्त लागतात, पाणी हाताशी असावं लागतं, खताला पैसा लागतो. ज्याच्याकडे हे होतं त्याने केली, ज्याच्याकडे नव्हतं तो जुन्याच वाटेने गेला. शिवाय आपल्या उंच वाढणाऱ्या भाताला खत जास्त झालं की तो आडवा पडायचा. बुटक्या जाती यायला १९६६ उजाडलं.

यातून मला दिसतं ते असं. भुकेवर एकच औषध पुरत नाही. जमिनीवर हक्क, मालाला मोकळा बाजार आणि हाताला ज्ञान, तिन्ही लागतात. पहिल्या दोन गोष्टी कायद्याने, एका सहीने सुरू करता येतात. तिसरी एका सहीने होत नाही. ती घरोघर, बांधाबांधावर, वर्षानुवर्षं शिकवावी लागते. रफी साहेबांना अन्न खात्यात मिळाली जेमतेम अडीच वर्षं.

कर्ज आणि पडकं घर

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत भाषण करत असताना त्यांना दम्याचा झटका आला आणि हृदय बंद पडून इंतकाल झाला. वय अवघं साठ. एकुलता एक मुलगा लहानपणीच अल्लाहला प्यारा झाला होता. दोन्ही हातांनी वाटणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची फी, कुणाचा दवाखाना. मदत मागणाऱ्याचा पक्ष किंवा धर्म त्यांनी विचारला नाही. इतकी वर्षं मंत्रिपद सांभाळून मागे राहिलं ते कर्ज आणि मसौलीतलं पडकं घर. त्यांना मसौलीतच दफन केलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५६ मध्ये त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. देशातल्या कृषी शास्त्रज्ञांना आजही तो मोठा मान वाटतो.

२०२३-२४ मध्ये देशात ३३ कोटी टनांच्या आसपास धान्य पिकलं. १९५०-५१ च्या सहापटीहून जास्त. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. कोठारं भरलेली आहेत आणि ताटात पोषण नाही. याच पाहण्या दरवेळी सांगतात की आई जितकी जास्त शिकलेली, तितकं मूल खुजं राहण्याचं प्रमाण कमी. तेव्हाचं ज्ञान बी पारखण्याचं होतं, आजचं आहे ताट पारखण्याचं. डाळ, अंडं, पालेभाजी मुलाला का हवी, बिस्किटाच्या पुड्याने पोट भरतं पण अंग का धरत नाही, हे शिकलेल्या आईला कळतं. म्हणून दहावीनंतर मुलीची शाळा बंद करायचा विचार ज्या घरात चालू असेल, त्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा. तिचं शिक्षण तिच्या नोकरीसाठी तर आहेच, पण ते तुमच्या नातवंडांच्या ताटासाठीही आहे.

पुढच्या वेळी वडाळ्याच्या त्या रस्त्याने जाल तेव्हा सोबतच्या मुलांना पाटी दाखवा. किडवाई म्हणजे किदवई, तो शायर नव्हता आणि गायकही नव्हता, हे सांगा. आपल्या दादा-दादींची रेशनची रांग ज्याने कमी केली तो माणूस होता, हे सांगा. आणि घरी पोचल्यावर त्यांच्या ताटात काय वाढलंय, तेही एकदा पाहा. अल्लाह मरहूम रफी साहेबांची मगफिरत करो.